प

सोहारच्या कॉलेजात आठवडा रविवारी सुरू होतो.
आत एसी, म्हणून खिडक्यांना बाहेरून घाम.
अठ्ठावीस जण. फाउंडेशन, लेव्हल दोन.
मी चारुलता मॅडम, त्यांच्या तोंडी मिस शारू.

त्यांच्या अक्षरांत 'प' नाही.
पार्किंगचं बार्किंग होतं, कुत्रं नसतानाही.
पोलीस बोलीस होतात,
आणि मला उगाच वाटतं, कुणी दरडावतंय:
काय बोललीस?

दादकरीम बलोच घरातला, त्याच्याकडे 'प' आहे.
अडलं की सगळे त्याच्याकडे वळतात,
शेजारी मीठ मागावं तसा 'प' उसना मागतात.
तो ऐटीत ओठ मिटतो, फट्कन उघडतो.
तळहात तोंडासमोर धरा, म्हणतो,
वारा लागला तर प.

एक जाड वही आणली मी.
डाव्या पानावर एकाने लिहायचं, काहीही.
उजवं पान बाकीच्यांचं: वाचायचं, उत्तर द्यायचं.
वही घरोघरी फिरेल, भीड चेपेल, असा हिशोब.
महिनाभर उजवीकडे नुसतं गुड, व्हेरी गुड, नाइस.
मग हमदने उंटांच्या शर्यतीवर लिहिलं
आणि उजव्या पानावर पहिलं भांडण लागलं,
इंग्रजीत!
त्या रात्री मी घरी शिरा केला.

जुवैना अल-मामरी. तिसरा बाक, भिंतीकडून.
आठ आठवड्यांत अवाक्षर नाही.
तिची पाळी आली. पेन्सिलीने एकच ओळ:
एव्हरी नाइट आय ब्रे फॉर माय मदर.

ब्रे म्हणजे गाढवाचं ओरडणं.

माझं लाल पेन माझ्याआधी पोचलं.
'ब'भोवती वर्तुळ. डोक्यावर 'प'.
समासात बारीक अक्षरात: स्पेलिंग.
गुहागरच्या शाळेत पाचवीत एबीसीडी गिरवलेली मी,
'द' कुठे घालावा, कुठे गाळावा,
हे अजूनही अंदाजपंचे.
त्यांच्याकडे 'अल' आहे, म्हणून ते 'द' उधळतात.
आमच्याकडे तसलं काही नाही, म्हणून मी विसरते.
त्यांना अजून पत्ता नाही.

वही गुरुवारी परत आली.
उजव्या पानावर, माझ्या वर्तुळासमोर,
दादकरीम: व्हॉट इज शी नेम?
हमद: विच हॉस्पिटल? माय अंकल हॅव टॅक्सी. नो मनी.
शम्सा: आय ब्रे टू.
त्याखाली कुणी: मी टू ब्रे.
आणि मग खालपर्यंत,
निळ्या, काळ्या, एका जांभळ्या शाईत,
उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या हातांना
मुरड घालत लिहिलेलं,
ब्रे, ब्रे, ब्रे.
दादकरीमचंही होतं त्यात.
'प' येत असून.

मी मोजले. सव्वीस.
मोहन्नद त्या आठवड्यात गैरहजर होता.

पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
'स्पेलिंग'वर काट मारली.
मग सगळ्यात खाली लिहिलं: ब्रे.
लाल शाईतच, दुसरं पेन जवळ नव्हतं.

पुढच्या मंगळवारी डावीकडे साडेतीन पानं.
आईचं नाव बद्रिया. डायलिसिस, आठवड्यातून तीनदा.
नर्स केरळची, ती आईला भिंतीवरची पाल
इंग्रजीत काय म्हणतात ते शिकवते.
आई आता घरी आल्यावर पालीला हाक मारते.
पान संपलं तिथे वाक्य अर्धंच सोडलेलं,
उलटून पुढे चालू.
एकेचाळीस चुका. मोजल्या मी,
सवय जात नाही.
वहीत मात्र काही उमटू दिलं नाही.

बुधवारी वर्गात सगळ्यांना उभं केलं.
तळहात तोंडासमोर.
दादकरीमने हात वर करून ताल दिला:
प. प. प.
शेजारच्या वर्गातून कुणी दार वाजवलं.

जुवैनाला मी काही विचारलं नाही.
तिनेच आपल्या तळहाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि दोन बोटांत चिमूटभर जागा ठेवून दाखवली:
एवढा.